रावणदहनाची आतषबाजी कॅमेऱ्यात कशी टिपायची? कस्तुरचंद पार्कावर जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दसरा जवळ आला की नागपुरातल्या फोटो काढणाऱ्या मंडळींमध्ये तेच प्रश्न फिरू लागतात. उभं कुठे राहायचं, सेटिंग काय ठेवायची, एवढ्या गर्दीत स्टँड न्यायचा की नाही? ही उत्तरं कस्तुरचंद पार्कावरचं रावणदहन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. त्यांतलं तंत्र इतर कुठल्याही मैदानावरच्या आतषबाजीला चालेल. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: जागा आणि वारा आधी, कॅमेरा नंतर. महागडा कॅमेरा घेऊन धुराच्या बाजूला उभं राहिलात तर हाती करडा ढग लागतो.

किती वाजता पोहोचायचं?

ऑक्टोबरात नागपुरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. साडेचारपर्यंत मैदानात असाल तर चांगलंच. उजेडात पुतळे नीट दिसतात, दारूकाम कुठे मांडलंय ते कळतं, बांबूचे कठडे कुठवर आहेत ते पाहता येतं आणि लोक कुठून कुठे सरकतील याचाही अंदाज येतो. अंधारात यातलं काहीच करता येत नाही.

लवकर जाण्याचा आणखी एक फायदा आहे. सूर्य मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं. त्या निळ्यासमोर रावण, कुंभकर्ण आणि मेघनाद यांच्या उभ्या आकृत्या फार देखण्या दिसतात. आतषबाजीचे फोटो हजारो लोक काढतात, पुतळ्यांचा हा फोटो फार थोडे काढतात.

त्या दिवशी शहरात एवढी गर्दी असते, मग जायचं कसं?

दसऱ्याच्या दिवशी नागपुरात एकाच वेळी बरंच काही चालू असतं. सकाळी रेशीमबागेत संघाचा विजयादशमीचा कार्यक्रम असतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी देशभरातून लोक आलेले असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. म्हणून दरवर्षी दसऱ्याला त्या भागातले रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि वाहतूक वळवलेली असते. गाडी घेऊन बर्डीपर्यंत, म्हणजे सीताबर्डीपर्यंत, यायचा विचारसुद्धा करू नका.

मेट्रो सगळ्यात सोयीची. ऑरेंज लाइनवर कस्तुरचंद पार्क नावाचं स्टेशनच आहे. ॲक्वा लाइननं येत असाल तर सीताबर्डीला गाडी बदला. परतताना मात्र कस्तुरचंद पार्क स्टेशनवर झुंबड उडते, त्यामुळे झिरो माइल स्टेशनपर्यंत चालत गेलेलं बरं. अंतर फार नाही आणि हातात सामान असताना तेच सोपं पडतं. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. मैदानात हजारो फोन एकत्र आले की नेटवर्क रडतखडत चालतं, ऐन वेळी ॲप उघडत नाही.

उभं कुठे राहायचं?

यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण निम्मा फोटो इथेच ठरतो.

पहिलं, वारा. वारा तुमच्या पाठीमागून यावा, निदान आडवा तरी वाहावा. प्रत्येक गोळा फुटला की धूर मागे राहतो आणि पुढच्या गोळ्याच्या उजेडात तोच धूर उजळून निघतो. वारा तुमच्याकडे येत असेल तर दहाव्या मिनिटाला समोर पांढरी भिंत उभी राहते. वारा ओळखायला यंत्र लागत नाही. मैदानाच्या कडेला भुट्टेवाले बसतात, त्यांच्या शेगडीचा धूर कुठे झुकतोय ते पाहा. तो सरळ वर जात असेल तर सावध व्हा. हवा पडलेली असेल तर धूर हलतच नाही, मग पहिली काही मिनिटंच स्वच्छ मिळणार असं धरून चाला.

दुसरं, अंतर. पुढच्या रांगेत घुसण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण आतषबाजी जवळून टिपताना मान वर, लेन्स वर आणि फ्रेममध्ये नुसतं काळं आकाश. बघणाऱ्याला ते नागपूर आहे की आणखी कुठलं गाव, काही कळत नाही. गोळा किती उंच जातो याचा ढोबळ हिशोब असा: व्यासाच्या दर इंचाला साधारण शंभर फूट. तीन इंची गोळा तीनेकशे फुटांवर, म्हणजे ९० मीटरच्या आसपास फुटतो. तुम्ही दीडशे मीटर मागे असाल तर २४ मिलिमीटरच्या, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समध्ये खालची गर्दी, मधले पुतळे आणि वरची फुलं असं सगळं एका चौकटीत बसतं.

अंतर मोजायलाही सोपी युक्ती आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गोळा फुटल्याचं दिसलं आणि आवाज अर्ध्या सेकंदानं आला, तर तो तुमच्यापासून सुमारे १७० मीटरवर फुटला.

तिसरं, फ्रेममध्ये काय येतंय. मैदानाच्या मधोमध छत्रीची जुनी दगडी वास्तू आहे. सर कस्तुरचंद डागांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या मैदानाची तीच ओळख आहे. तिची बाह्याकृती फोटोत आली की जागा सांगावी लागत नाही. उलट एलआयसी चौकाच्या बाजूचे दिवे आणि जाहिरातींचे फलक थेट फ्रेममध्ये आले तर लांब एक्सपोजरमध्ये, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवल्यावर, ते पांढरेफटक जळतात. एक-दोन पावलं सरकून ते पुतळ्याआड किंवा एखाद्या झाडाआड घालवता येतात.

स्टँड नेऊ देतात का? गर्दीत लावणं बरोबर आहे का?

आयोजकांच्या स्वयंसेवकांना किंवा बंदोबस्तावरच्या पोलिसांना आधी विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालू नका.

हो म्हटलं तरी जबाबदारी तुमचीच. दाट गर्दीत तिन्ही पाय पसरून उभा केलेला स्टँड म्हणजे लोकांना अडखळायला ठेवलेला सापळा. अंधारात काळे पाय दिसत नाहीत. त्यात खांद्यावर पोरगं घेतलेला बाप वर बघत चाललेला असतो. म्हणून कठड्याला, झाडाच्या बुंध्याला किंवा मागच्या मोकळ्या पट्ट्याला लागूनच स्टँड लावा. पाय कमी पसरा, मधला दांडा वर घेऊ नका आणि प्रत्येक पायाला पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पिशवी खाली लोंबकळत ठेवू नका, पायांच्या मध्ये जमिनीवर टेकवा.

गर्दी अंगावर येऊ लागली तर स्टँड लगेच मिटवा. समोर आकाशात काहीही फुटत असलं तरी मिटवा. रेटारेटीत कोणी पडलं तर त्यापुढे कुठल्याही फोटोची किंमत नाही.

कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवायची?

मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ ११ आणि शटर दोन ते चार सेकंद. इथून सुरुवात करा, बाकीचं पडद्यावर बघत बदला.

यामागचं कारण समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. आतषबाजीचा प्रत्येक कण स्वतःच प्रकाश देत सरकत असतो. सेन्सरच्या एका ठिपक्यावर तो क्षणभरच पडतो आणि पुढे जातो. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं म्हणून रेघ जास्त उजळ होत नाही, ती फक्त लांब होते आणि तिच्या शेजारी आणखी फुलं जमा होतात. रेघ किती उजळ हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. आकाश आणि धूर किती उजळ हे मात्र शटरच्या वेळेवर अवलंबून असतं. म्हणजे फुलं पांढरी पडत असतील तर ॲपर्चर एफ १६ करा, शटरला हात लावू नका. धूर फार उजळ येत असेल तर शटरची वेळ कमी करा.

आयएसओ ऑटोवर ठेवू नका. काळं आकाश बघून कॅमेरा तो वर नेतो आणि रंग धुऊन निघतात.

बल्ब मोड (बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडं राहतं) आणि रिमोट असेल तर त्याहून चांगलं. नळीतून गोळा सुटल्याचा 'धप्प' ऐकू आला की शटर उघडा. गोळ्याला वर पोचायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही तयार असता. फूल उमलून विझत आलं की बंद करा. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावूनही काम भागतं, फक्त अंदाज आधी बांधावा लागतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेन्यूत लांब एक्सपोजरचा नॉइज कमी करण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. चालू असेल तर चार सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी चार सेकंद काळा फोटो घेत बसतो आणि ऐन रंगात शटर दबत नाही. स्टँडवर असताना लेन्समधलं स्थिरीकरणही (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) बंद ठेवा.

फोकस सारखा पुढे-मागे पळतो, काय करू?

ऑटोफोकसवर राहूच नका. दिवसाउजेडी पुतळ्याच्या मुकुटावर किंवा लांबच्या इमारतीच्या खिडकीवर फोकस धरा, लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवा आणि फोकसच्या कड्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून टाका. नंतर झूम केलं तर फोकस पुन्हा तपासा, काही लेन्समध्ये तो झूमबरोबर हलतो.

रंग फोटोत पांढरट का होतात?

कारण सगळे रंग सारखे तेजस्वी नसतात. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे येतो, हिरवा बेरियममुळे, निळा तांब्यामुळे, पिवळा सोडियममुळे. झगझगीत पांढरा ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियममुळे. पांढरा सगळ्यांत प्रखर, निळा सगळ्यांत मंद. निळ्यासाठी बेतलेल्या एक्सपोजरमध्ये पांढरा गोळा फुटला की तो जळणारच.

त्यासाठी एफ ११ आणि एफ १६ च्या मध्ये राहा, आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे सगळ्यांत उजळ) बघताना लाल रंगाचा आलेख वेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसतो आणि लाल मात्र उजव्या काठावर आदळलेला असतो, असं वारंवार होतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. 'डेलाइट'वर ठेवा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या, म्हणजे सगळ्या फोटोंचा सूर एकच राहतो.

पुतळा पेटल्यावर त्याच सेटिंगवर काढायचा का?

नाही. इथेच बऱ्याच जणांची गडबड होते.

आतषबाजी म्हणजे काळ्या आकाशातल्या बारीक रेघा. पेटलेला रावण म्हणजे प्रचंड मोठी ज्वाळा. चार सेकंद शटर उघडं ठेवलं तर पिवळा गोळा येतो, ना मुकुट दिसतो, ना दहा तोंडं. इथे शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग, ॲपर्चर एफ ४, आयएसओ ४०० असं धरा आणि ज्वाळा वाढतील तसं शटर आणखी वेगवान करा. बांबू, कागद आणि आत भरलेले फटाके, एवढाच काय तो ऐवज. पेटल्यावर काही मिनिटांत सांगाडा उरतो. त्यातला सगळ्यांत चांगला क्षण अगदी सुरुवातीचा. आग खालून चढत असते, चेहऱ्याचा रंगीत कागद अजून शाबूत असतो आणि डोळ्यांच्या भोकांतून आतला उजेड दिसू लागतो. त्यासाठी बोट शटरवर तयार हवं.

कॅमेऱ्यात स्वतःच्या सेटिंग साठवायची सोय असेल, सी १ आणि सी २ अशी, तर एकात आतषबाजी आणि दुसऱ्यात दहन भरून ठेवा. अंधारात मेन्यू चाळायची वेळ येत नाही.

आणि मग लोक?

हा प्रश्न मला कमी जण विचारतात, जास्त जणांनी विचारावा असं वाटतं.

पुतळा पेटला की एकदा मागे वळा. केशरी उजेडात शेकडो चेहरे एकाच दिशेला बघत असतात. कानांवर हात दाबून डोळे विस्फारलेलं पोर, काठी टेकून उभी आजी, एका हातात सोन्याची पानं आणि दुसऱ्यात फोन धरलेली पोरं. आकाशातली फुलं दरवर्षी तशीच असतात, हे चेहरे दरवर्षी वेगळे. मला विचाराल तर रावणदहनाचा खरा फोटो इथे आहे.

त्यासाठी स्टँडची गरज नाही. ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. ज्वाळा लवलवत असते तसा चेहऱ्यावरचा उजेडही कमीजास्त होतो, म्हणून एकाच चेहऱ्याचे चार-पाच फोटो घ्या. फ्लॅश अजिबात नको. तो सगळा केशरी रंग मारतो आणि लोकही दचकतात.

अनोळखी मुलांचा जवळून फोटो काढायचा तर आईबापांकडे बघून खुणेनं तरी विचारा. कोणी मान हलवून नको म्हटलं तर पुढे जा. काढलेला फोटो त्यांना दाखवा, हवा असेल तर पाठवा.

माझ्याकडे फक्त फोन आहे. जमेल?

जमेल. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची असते, वर सांगितलेल्या अंतराला ती बरोबर बसते. डिजिटल झूम करू नका.

नाइट मोड बंद करा. तो अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात रेघा तुटतात. प्रो मोड असेल तर आयएसओ ५० किंवा १०० आणि शटर एक ते दोन सेकंद ठेवून फोन कठड्यावर टेकवा. प्रो मोड नसेल तर पुतळ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर 'लाँग एक्सपोजर' निवडलं तर रेघा बऱ्यापैकी येतात. हातात धरूनच काढायचं असेल तर सरळ व्हिडिओ घ्या, तो पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. आणि घरून निघण्यापूर्वी लेन्स स्वच्छ रुमालानं पुसा. बोटाचे तेलकट डाग आतषबाजीभोवती धुक्यासारखे पसरतात.

चंद्राचं काय करायचं?

दसरा म्हणजे शुक्ल दशमी. संध्याकाळी चंद्र दक्षिणेकडे बराच वर आलेला असतो आणि बऱ्यापैकी मोठा असतो. चार सेकंदांत तो नुसता पांढरा डाग होतो, कधी लेन्समध्ये त्याची पडछायाही उमटते. फ्रेमबाहेर ठेवा. दिवाळीत अमावास्या असते, तिथे ही अडचण नाही.

ड्रोन उडवू का?

नको. परवानगीशिवाय तर नकोच, आणि लोकांच्या डोक्यावर कधीच नको. शेजारी सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, रिझर्व्ह बँकही हाकेच्या अंतरावर आहे. शिवाय वर जाणाऱ्या गोळ्याला ड्रोन लागला तर तो कोणावर तरी पडणार.

धूळ, राख आणि ठिणग्यांपासून सामान कसं वाचवायचं?

मैदान कोरडं असतं आणि हजारो पायांनी माती उडते. तिथे लेन्स बदलू नका, घरूनच ठरवून लावा. पुढच्या काचेला साधा यूव्ही फिल्टर चालेल, पण समोर दिवे असतील तर त्यानं दुहेरी प्रतिमा येते, तेव्हा काढून ठेवा. राख पडली तर पुसू नका. ती खरखरीत असते, काचेवर ओरखडे काढते. रबरी फुंकणीनं उडवा, मगच कापड लावा.

स्वतःसाठी सुती कपडे, बंद बूट आणि कानांत बोळे. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कानांसाठी तर नक्कीच. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला जळके तुकडे येऊन पडतात. धुराचा त्रास असलेल्यांनीही तिथे थांबू नये.

हरित फटाक्यांमुळे धूर कमी होतो का?

हरित फटाक्यांचं सूत्र आपल्याच नागपुरात मुख्यालय असलेल्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झालं. कणरूप प्रदूषण किमान ३० टक्क्यांनी कमी व्हावं असा त्यामागचा निकष आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. फोटोपुरतं बोलायचं तर वाऱ्याचा विचार तरीही करावाच लागतो, आणि सुरुवातीची फुलं सोडायची नाहीत हेही तसंच राहतं.

वेगवेगळी फुलं एका फोटोत जोडली तर चालेल का?

चालेल, पण तसं सांगा. एकाच जागेवरून काढलेले तीन-चार फोटो संगणकावर 'लाइटन' पद्धतीनं (प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत उजळ भाग तेवढा राहतो) एकावर एक ठेवले की आकाश भरून जातं. कॅमेऱ्यातच करायचं असेल तर बल्बवर शटर उघडं ठेवा आणि मधल्या वेळी लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा. फूल फुटताना पुठ्ठा काढायचा, विझलं की पुन्हा धरायचा. पुठ्ठा लेन्सला टेकता कामा नये. मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण तिथे उभं राहून केलेलं काम त्यात दिसतं. पण तीनपेक्षा जास्त फुलं भरू नका, एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होतो.

वर्तमानपत्राला किंवा स्पर्धेला पाठवणार असाल तर जोडलेला फोटो पाठवण्याआधी त्यांचे नियम वाचा. बातमीच्या फोटोत अशी जोडणी चालत नाही.

संपल्यावर लगेच निघायचं का?

नाही. सगळे एकदम दाराकडे वळतात आणि सगळ्यांत जास्त रेटारेटी तेव्हाच होते. पंधरा-वीस मिनिटं जागेवर थांबा. सामान आवरा, कार्ड काढून खिशात ठेवा आणि बॅग पाठीवरून पोटावर घ्या. सांगाडा अजून धुमसत असतो, अग्निशमन दलाचे जवान पाण्याचा फवारा मारत असतील तर लांबूनच त्यांचे दोन-तीन फोटो घ्या, वाफेत दिव्यांचा उजेड छान पसरतो. सोबत लहान मूल असेल तर त्याच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी संध्याकाळीच ठेवलेली असू द्या, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते मैदानात शिरतानाच ठरवा.